तपासणीनंतरचा काळ : ऑड्रे लॉर्ड यांचे कर्करोगविषयक लेखन

आजारपणावरील आत्मपर लेखनाला एक रूढ आकृतिबंध लाभलेला आहे. लक्षण जाणवणे, निदान होणे, शस्त्रक्रिया वा औषधोपचार, वेदना आणि अखेर घरी परतणे अशा क्रमाने निवेदन पुढे सरकते आणि परतीपाशी थांबते. स्तनाच्या कर्करोगाविषयीच्या जुन्यात जुन्या प्रसिद्ध लेखनातही हाच क्रम दिसतो. इंग्रज कादंबरीकार फॅनी बर्नी यांच्यावर 30 सप्टेंबर 1811 रोजी पॅरिसमध्ये भूल न देता शस्त्रक्रिया झाली. नेपोलियनच्या सैन्यातील विख्यात शल्यविशारद लारे हे ती करणाऱ्यांत होते. पुढील वर्षी बर्नी यांनी आपल्या बहिणीला या प्रसंगाचे सविस्तर पत्र लिहिले. ते पूर्ण करण्यास त्यांना कित्येक महिने लागले. लिहिलेले पुन्हा वाचून पाहण्याचे धैर्यही त्यांना झाले नाही. शस्त्रक्रियेनंतर त्या 28 वर्षांहून थोडा अधिक काळ जगल्या. त्या वर्षांत छातीवरील व्रणाकडे पाहताना त्यांना काय वाटत असे, आजार उलटण्याचे भय होते की नव्हते, यासंबंधी त्या पत्रात अर्थातच काही नाही. पत्र शस्त्रक्रियेचे आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या आयुष्याचे नाही.

अमेरिकन कवयित्री ऑड्रे लॉर्ड (1934–1992) यांचे ‘द कॅन्सर जर्नल्स’ (1980) आणि ‘अ बर्स्ट ऑफ लाइट’ (1988) या दोन पुस्तकांचे वेगळेपण या पार्श्वभूमीवर स्पष्ट होते. ‘द कॅन्सर जर्नल्स’ची ओळख सामान्यतः स्त्रीवादी जाहीरनामा म्हणून करून दिली जाते. कृष्णवर्णीय, समलिंगी व स्त्रीवादी लेखिकेने कर्करोगाविषयीचे मौन मोडले, हे वाक्य तिच्यासंबंधीच्या जवळजवळ प्रत्येक लेखात आढळते. ते चुकीचे नाही. परंतु या ओळखीत पुस्तकाचा एक महत्त्वाचा धागा निसटतो. या लेखनाचा उगम निदानात किंवा शस्त्रक्रियेत नाही. तो एका तपासणीच्या प्रतीक्षेत आहे, आणि त्या तपासणीचा निष्कर्ष ‘कर्करोग नाही’ असा आलेला होता.

ही हकिकत येथे थोडी तपशिलाने पाहणे आवश्यक आहे. 1977 मध्ये लॉर्ड यांच्या स्तनात गाठ आढळली. ती कर्करोगाची असण्याची शक्यता साठ ते ऐंशी टक्के आहे, असे त्यांना दोन डॉक्टरांनी सांगितले. हे सांगणे आणि प्रत्यक्ष शस्त्रक्रिया यांच्यामध्ये तीन आठवडे गेले. गाठ साधी निघाली. त्याच वर्षी 28 डिसेंबर रोजी शिकागो येथे मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या अधिवेशनात त्यांनी मौनाचे भाषेत व कृतीत होणारे रूपांतर या विषयावर भाषण केले. आपण आजवर काय बोललो नाही, कशाच्या भीतीने बोललो नाही, आणि न बोलल्याने कोणते संरक्षण मिळाले, हे प्रश्न त्या तीन आठवड्यांनी त्यांच्यापुढे उभे केले होते. आज हे भाषण बहुधा ‘सिस्टर आउटसायडर’ (1984) या निबंधसंग्रहातून वाचले जाते. त्या संग्रहात त्याच्या मागेपुढे कर्करोगाची दैनंदिनी नाही. परिणामी भाषणातील गाठ ही निव्वळ निमित्तमात्र ठरते आणि वाचकाच्या हाती उरतात ती उद्धृत करण्याजोगी वाक्ये. फलकांवर व भित्तिपत्रकांवर ती वाक्ये शोभतात, यात शंका नाही. पण प्रतीक्षेच्या ज्या भट्टीतून ती निघाली ती भट्टी विझलेली असते. ‘द कॅन्सर जर्नल्स’मध्ये मात्र हेच भाषण शस्त्रक्रियेच्या वृत्तान्ताच्या अगोदर येते. पुढील वर्षी, सप्टेंबर 1978 मध्ये, पुन्हा गाठ, पुन्हा बायॉप्सी आणि या वेळी कर्करोगाचे निदान, त्यापाठोपाठ उजव्या स्तनाचे उच्छेदन, हे सारे वाचकाला त्यानंतर कळते. पहिल्या तपासणीचा अनुकूल निष्कर्ष दुसऱ्या तपासणीने मागे टाकला. भाषण वाचून सुखावलेल्या वाचकाला त्याच पुस्तकात हा धक्का बसावा, अशीच ही रचना आहे.

तपासणी ही संकल्पना येथे केवळ वैद्यकीय नाही, हे उघड आहे. परंतु वैद्यकीय बाजू समजून घेतल्याखेरीज तिचे वाङ्‌मयीन रूप कळत नाही. स्तनाच्या कर्करोगाचे प्राथमिक उपचार संपल्यावर रुग्णाला नियमित पाहणीसाठी बोलावले जाते. पहिली तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढील दोन वर्षे दर सहा ते बारा महिन्यांनी आणि त्यानंतर वर्षातून एकदा प्रत्यक्ष तपासणी, तसेच उरलेल्या स्तनाचे वार्षिक मॅमोग्राम, असा सर्वसाधारण क्रम आज मान्य आहे. रुग्णाची अपेक्षा असते की संपूर्ण शरीराचे स्कॅन, हाडांचे स्कॅन, रक्तातील कर्करोगदर्शक द्रव्यांच्या चाचण्या हेही वारंवार व्हावे. मात्र 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन इटालियन चाचण्यांनी असे दाखवून दिले की, कोणतेही लक्षण नसलेल्या स्त्रियांमध्ये अशा जादा तपासण्यांनी आयुर्मान वाढत नाही. त्यामुळे त्या सरसकट करू नयेत, अशी मार्गदर्शक तत्त्वे रूढ झाली. शास्त्रदृष्ट्या हे योग्यच आहे. परंतु रुग्णाच्या बाजूने पाहिले तर स्थिती विचित्र होते. तपासणी झाली तर निष्कर्षाची भीती. झाली नाही तर न पाहिलेल्या जागेची भीती. शिवाय संप्रेरकग्राही प्रकारच्या कर्करोगात आजार उलटण्याचा धोका पाच वर्षांच्या औषधोपचारानंतरही शिल्लक राहतो आणि वीस वर्षांपर्यंत टिकतो, हे आता ज्ञात आहे. ‘रिपोर्ट चांगला आला’ हे वाक्य ऐकताना कुटुंबीयांना सुटकेचा भास होतो. वस्तुतः अहवालात ‘बरे झाले’ असे कधीच लिहिलेले नसते. ‘आज, या साधनाला, या जागी काही दिसले नाही’ एवढेच तो सांगतो.

अशा काळाचे कथानक कसे रचावे? त्याला उत्कर्षबिंदू नाही आणि शेवट तर नाहीच. कादंबरी किंवा आत्मचरित्र यांना आवश्यक असणारा कार्यकारणभाव येथे लागू पडत नाही. कारण तीन महिन्यांपूर्वीच्या चांगल्या अहवालातून आजचा वाईट अहवाल निष्पन्न होत नाही. लॉर्ड यांनी निवडलेले दैनंदिनीचे रूप या दृष्टीने विचारात घेतले पाहिजे. ‘द कॅन्सर जर्नल्स’ ही शुद्ध दैनंदिनी नाही. निबंधांच्या ओघात, विशेषतः प्रस्तावनेत, 1979 च्या जानेवारीपासूनच्या तारीखवार नोंदी विखुरलेल्या आहेत. निबंधाचा स्वर ठाम, सभेला उद्देशून बोलणारा. तर नोंदींचा स्वर थकलेला, अनेकदा हताश. निबंधात लेखिका म्हणते की भीतीवर प्रभुत्व मिळवता येते. पुढच्याच नोंदीत ती भीती सकाळी उठताना शेजारी बसलेली असते. काही वाचकांना ही विसंगती रचनेतील सैलपणा वाटेल. प्रत्यक्षात पुस्तकाची विश्वसनीयता याच विसंगतीवर उभी आहे. नोंदी काढून टाकल्या तर निबंध प्रचारकी वाटू लागतात. निबंध काढले तर नोंदींत केवळ विलाप उरतो. निष्कर्ष आणि त्याला खोडणारी तारीख यांचे हे साहचर्य पाठपुराव्याच्या काळाचे रूप नेमके पकडते.

पुस्तकातील सर्वाधिक चर्चिलेला भाग कृत्रिम स्तनासंबंधीचा आहे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयात एक स्वयंसेविका भेटीस येते व लोकरीचा मऊ, फिक्या गुलाबी रंगाचा गोळा देऊन जाते. तो आतून लावला की काहीच फरक कळणार नाही, असा दिलासा ती देते. गोळ्याचा रंग लॉर्ड यांच्या त्वचेशी जुळत नाही, ही साधी वस्तुस्थिती कोणाच्याच लक्षात आलेली नसते. ‘सर्वसामान्य’ स्त्रीचे शरीर म्हणजे गोऱ्या स्त्रीचे शरीर हे गृहीतक येथे विधान न करता उघडे पडते. शस्त्रक्रियेनंतर दहा दिवसांनी लॉर्ड टाके दाखवण्यासाठी डॉक्टरांकडे जातात. हा त्यांचा पहिला फॉलोअप. न्हाऊन, नीटनेटका पोशाख करून, स्वतःविषयी बरे वाटत असताना त्या तेथे पोहोचतात; आणि परिचारिका त्यांना सांगते की कृत्रिम स्तन न लावता येथे येणे इतर रुग्णांच्या मनोधैर्याच्या दृष्टीने योग्य नाही. ज्या एका ठिकाणी छाटलेले शरीर सहज स्वीकारले जावे त्याच ठिकाणी ते झाकण्याची सूचना होते. इस्रायली सेनानी मोशे दायान यांच्या डोळ्यावरील पट्टीला कोणी काचेचा डोळा लावण्याचा सल्ला देत नाही, याकडे लॉर्ड लक्ष वेधतात. युक्तिवाद म्हणून ही तुलना मार्मिक आहे. मात्र दायान हे राज्यकर्ते पुरुष होते आणि त्यांची पट्टी पराक्रमाची खूण मानली जात होती, ही बाब तुलनेला बळ देते तशीच तिला मर्यादाही घालते. नोकरीवरून काढले जाण्याची किंवा विवाह मोडण्याची धास्ती असलेल्या स्त्रीपुढे उघडपणाची निवड समान अर्थाने उपलब्ध नसते. लॉर्ड यांना याची जाणीव नाही असे नाही. आपले नवे शरीर आधी स्वतः स्वीकारल्यानंतर एखादीने कृत्रिम स्तन निवडला तर त्यांचा त्याला आक्षेप नाही. त्यांचा आक्षेप घाईला आहे: शोक करण्याआधीच शोकाचे कारण झाकून टाकण्याला. अमेरिकेत 1998 च्या कायद्याने स्तनोच्छेदनानंतरच्या पुनर्रचनेचा खर्च विमायोजनांवर बंधनकारक केला. हक्क मिळाला, परंतु पुनर्रचना न करता सपाट छातीने राहू इच्छिणाऱ्या स्त्रीला आपली निवड आजही समजावून सांगावी लागते. लॉर्ड यांचे प्रकरण त्यामुळे जुने झालेले नाही.

याच काळात सूझन सोन्टॅग यांचे ‘इलनेस ॲज मेटाफर’ (1978) प्रसिद्ध झाले. सोन्टॅग यांना 1975 मध्ये स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले होते. पण या पुस्तकात त्याचा एका शब्दानेही उल्लेख नाही. आजाराभोवतीची रूपके, त्यातही युद्धाची रूपके, रुग्णाला अपराधी व भयभीत करतात, म्हणून ती दूर सारावीत असा त्यांचा सिद्धान्त. लॉर्ड मात्र स्वतःला योद्धा म्हणवतात. दाहोमेच्या स्त्रीसैनिकांचे स्मरण करतात. एकस्तनी स्त्रियांची फौज अमेरिकन काँग्रेसवर चालून गेली तर काय होईल, अशी कल्पना मांडतात. दोघींची भूमिका परस्परविरोधी आहे, असा निष्कर्ष सहज काढला जातो. पण लॉर्ड यांचे युद्ध कोणाशी आहे हे पाहिले पाहिजे. त्या कल्पनेतील फौजेची मागणी गुरांना संप्रेरके देण्यावर बंदी घालावी अशी आहे. शत्रू म्हणून येथे उभी आहे ती उद्योगव्यवस्था व तिच्याविषयीचे मौन. स्वतःच्या पेशी नव्हेत. लॉर्ड यांनी तरुणपणी कनेक्टिकट राज्यातील एका कारखान्यात क्ष-किरण यंत्रांवर काम केले होते व त्याचे वर्णन ‘झामी’ (1982) मध्ये येते, हे लक्षात घेतले म्हणजे ही मागणी केवळ आवेशाची राहत नाही. रुग्णाला योद्धा ठरवून मृत्यूला त्याचा पराभव मानणारे रूपक आणि रुग्णाला नागरिक ठरवणारे रूपक यांत अंतर आहे. सोन्टॅग यांच्या विवेचनात या अंतराला पुरेशी जागा नाही.

मराठी वाचकाला हा मुद्दा परका वाटू नये. ‘कर्करोगाशी झुंज अपयशी’ हा निधनवार्तेतील ठरीव शब्दप्रयोग आहे. ‘कॅन्सरवर मात’ हा त्याचाच दुसरा पक्ष. पहिला मृताकडे अपयश सोपवतो आणि दुसरा जिवंत व्यक्तीकडे असा विजय, जो पुढच्या तपासणीपर्यंतच टिकण्याची शाश्वती असते. घरगुती बोलीत तर आजाराचे नाव घेणेच टाळले जाते. ‘तिला ते झालं होतं’ एवढ्यावर भागते. याउलट ‘गाठ’ हा शब्द मराठीत किती अर्थांनी वावरतो! गाठ बांधली जाते, गाठ पडते, गाठ सुटते, मनातही गाठ असते. लॉर्ड यांच्या भाषणाचा मराठी अनुवाद करणाऱ्याला या शब्दाने मूळ इंग्रजीपेक्षा अधिक काही देऊ केले आहे.

‘अ बर्स्ट ऑफ लाइट’ हे आजवर समीक्षेत तुलनेने दुर्लक्षित राहिले. त्यातील दीर्घ दैनंदिनी जानेवारी 1984 ते ऑगस्ट 1987 या काळातील आहे. 1984 च्या आरंभी कर्करोग यकृतात पसरल्याचे लॉर्ड यांना सांगण्यात आले. यकृताची बायॉप्सी करण्यास त्यांनी नकार दिला आणि ठरल्याप्रमाणे त्या बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीत शिकवण्यास गेल्या. नकाराचा हा प्रसंग या लेखनातील सर्वांत गुंतागुंतीचा आहे. ज्या लेखिकेने मौनाविरुद्ध एवढे लिहिले तिने स्वतःच्या शरीराला बोलते करण्याचे साधन नाकारावे, याला काय म्हणावे? सुलभ उत्तर असे की, अरेरावी करणाऱ्या तज्ज्ञाला तिने दिलेला तो जबाब होता. तज्ज्ञाची वागणूक तशी होती, हे नोंदींवरून दिसते. परंतु त्याच नोंदी प्रामाणिकपणे वाचल्या तर दुसरेही दिसते: खात्री करून घेण्याची तयारी नव्हती, आणि खात्री नसताना काम करता येत होते. निश्चित ज्ञान आणि काम करण्याची शक्ती यांपैकी तिने काही काळ दुसरीची निवड केली. बर्लिनमध्ये व पुढे डिसेंबर 1985 मध्ये स्वित्झर्लंडमधील आर्लेसहाइम येथील लुकास क्लिनिकमध्ये त्यांनी मिसलटो वनस्पतीपासून केलेल्या इस्काडोरचे उपचार घेतले. या औषधाने कर्करोग आटोक्यात येतो असे मानण्यास विश्वसनीय पुरावा नाही, हे समीक्षकाने स्पष्टपणे सांगितले पाहिजे. लॉर्ड यांचे अनेक चाहते येथे अडखळतात. व्यवस्थेला दिलेला नकार म्हणून ते या निवडीचे गौरवीकरण करतात. दैनंदिनीला अशा गौरवाची गरज नाही. तिच्यात संशय आहे, आशा आहे, क्लिनिकच्या शिस्तीविषयीचा वैताग आहे, आणि आर्लेसहाइमला पोहोचेपर्यंत निदान दूर ठेवण्याची धडपड संपलेली आहे. हा क्रम कोणत्याही उपचारपद्धतीची जाहिरात होऊ शकत नाही.

या नोंदींचे खरे सामर्थ्य त्यांच्या मिश्रणात आहे. एका दिवशी पोटातील वेदना, दुसऱ्या दिवशी दक्षिण आफ्रिकेतील वंशभेदाची बातमी, मग विद्यार्थ्यांचे निबंध, मुलीचे शिक्षण, पुन्हा रक्ताचा अहवाल. आजार आयुष्याच्या मध्यभागी बसत नाही आणि बाजूलाही सरत नाही. स्वतःची निगा राखणे हे राजकीय कृत्य आहे हा त्यांचा प्रसिद्ध विचार याच पुस्तकातील. पुढे सौंदर्यप्रसाधनांच्या विक्रेत्यांनी तो उचलला. आयुष्य मोजून उरले असताना, मरणाच्या सावलीत तो लिहिला गेला होता, हे सांगण्याची तसदी अर्थातच कोणी घेतली नाही.

लॉर्ड यांच्या अनुभवाला असलेली वर्गीय चौकटही नजरेआड करता येत नाही. महाविद्यालयीन प्राध्यापकपद, परदेशातील निमंत्रणे, जिवाला जीव देणाऱ्या मैत्रिणींचे जाळे या गोष्टी त्यांच्यापाशी होत्या. गडचिरोली किंवा नंदुरबारहून परळच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने फॉलोअप म्हणजे रेल्वेचे आरक्षण, सोबतीला येणाऱ्या माणसाची बुडालेली मजुरी, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळेल की नाही याची चिंता आणि प्लास्टिकच्या पिशवीत जपलेली फाइल. तिच्या प्रतीक्षेची दैनंदिनी लिहिली जात नाही. लॉर्ड यांच्या पुस्तकाने ती उणीव भरून निघत नाही. ती ठळक मात्र होते.

लॉर्ड यांच्यानंतरच्या दोन लेखिकांचा उल्लेख येथे पुरेसा आहे. बार्बरा एहरेनराइक यांचा ‘वेलकम टू कॅन्सरलँड’ हा निबंध 2001 मध्ये ‘हार्पर्स’ मासिकात आला. 1992 पासून प्रसृत झालेल्या गुलाबी फितीने आणि तिच्याभोवतीच्या सक्तीच्या आनंदीपणाने कर्करोगाला कसे बाजारी रूप दिले, याचा तो उपहासगर्भ पंचनामा आहे. 1978 मधल्या त्या गुलाबी गोळ्याचे वारसदार एहरेनराइक यांना दुकानोदुकानी सापडले. ॲन बॉयर यांचे ‘द अनडाइंग’ (2019) हे पुस्तक अधिक महत्त्वाकांक्षी. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी निदान झालेल्या या कवयित्रीने केमोथेरपी, रजा न मिळणे, बिले आणि पडद्यावरील प्रतिमा यांविषयी तुकड्यातुकड्यांनी लिहिले. त्याला 2020 चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. बॉयर यांचे गद्य लॉर्ड यांच्यापेक्षा कसलेले आहे. तरी त्यांच्या पुस्तकात तुकड्यांची निवड लेखिकेने केलेली जाणवते. लॉर्ड यांच्या पुस्तकात ती तारखेने केलेली असते. वाक्य उत्तम साधले म्हणून लॉर्ड यांची नोंद थांबत नाही. त्या दिवसापुरती शक्ती संपली म्हणून थांबते.

‘अ बर्स्ट ऑफ लाइट’मधील नोंदी ऑगस्ट 1987 मध्ये संपतात. लॉर्ड यांचे निधन 17 नोव्हेंबर 1992 रोजी सेंट क्रॉय बेटावर झाले. मधली पाच वर्षे आणि त्या वर्षांतील तपासण्या या पुस्तकात नाहीत. पुस्तकाचे शेवटचे पान शेवटासारखे वाटत नाही ते बहुधा यामुळेच. पुढील तारीख घालून त्याखाली आणखी एक नोंद सहज लिहिता आली असती.